जिन ‘घ्यावी’ की ‘घालावी’?

मराठीत पाककृती लिहायची एक ठरलेली रीत आहे. दोन वाट्या कैरीचा गर घ्यावा, त्यात गूळ घालावा, वेलदोड्याची पूड टाकावी, गार पाणी घालून द्यावे. हे ‘घ्यावे-घालावे’ आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात कुणी आपल्याला काही करायला सांगतंय असं वाटतही नाही. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नं वाटी-चमच्याच्या मापावर घराघरांत स्वयंपाक शिकवला, तो याच रीतीत.

आता त्याच रीतीनं हे वाक्य लिहून बघा: ‘४५ मिलिलिटर जिन घ्यावी.’

काहीतरी बिनसलं ना? व्याकरण शाबूत आहे, माप आहे, पदार्थाचं नाव आहे. पण कृतीतलं वाक्य एकदम सल्ल्यासारखं वाजायला लागलं. कारण मराठीत ‘घेणे’ या क्रियापदापुढे काही ठेवलंच नाही, तर ती रिकामी जागा आपोआप दारूनं भरते. स्थळाची चौकशी करताना ‘मुलगा घेत नाही ना?’ असं विचारतात, आणि काय घेत नाही ते कुणालाही विचारावं लागत नाही. आमच्या वऱ्हाडात ‘थो घेते’ एवढं म्हटलं की माणसाची कुंडली मांडून झाली. ‘तो घेतो’ हे वाक्य चौकशीचं असतं. ‘ती घेते’ हे निकालाचं.

गेले दोन उन्हाळे मी जिनच्या एका कॉकटेलची कृती मराठीत लिहायचा प्रयत्न करतेय आणि दर वेळी पहिल्याच क्रियापदाशी अडतेय. मी मूळची वाशीमची, नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. मे महिन्यात लग्नांच्या निमित्तानं आमची शाळेची बॅच गावी जमते. एखादी रात्र कुणाच्या तरी गच्चीवर बसणं होतं आणि मग ग्रुपवर मागणी येते, ‘ते मागच्या वर्षीचं लिहून पाठव, मराठीत.’ पेय अगदी साधं आहे: टॉम कॉलिन्स. जिन, लिंबू, साखर, सोडा. या चार वस्तूंसाठी भाषेनं इतकं अडून बसावं, हे मला आधी विनोदी वाटलं. नंतर वाटेनासं झालं.

मराठीत दारूवर लिहिलंच गेलं नाही, असं मुळीच नाही. उलट आपल्या रंगभूमीचं सगळ्यात गाजलेलं शोकनाट्य दारूवरच आहे. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९मध्ये नागपूरजवळच्या सावनेरला गेले आणि त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्यात ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं, सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. नाटक शंभरी ओलांडून गेलं तरी त्याची पकड सुटलेली नाही. ३१ डिसेंबरच्या आसपासचं कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा. पोलिसांनी पकडलेले लोक ‘तळीराम’ असतात. एका पात्राचं सामान्यनाम व्हावं, असं भाग्य मराठीत फार थोड्या लेखकांना लाभलंय.

पण त्या शीर्षकाकडे जरा थांबून बघा. एकच प्याला. केवढा? त्यात काय होतं, किती पाणी मिसळलं होतं, सोबत काही खाल्लं होतं का, किती वेळात संपवला? नाटकाला यातलं काहीच नको असतं, आणि ते बरोबरच आहे. त्याची सगळी शोकांतिका या एका गृहीतकावर उभी आहे की ‘एक’ हा आकडा दारूच्या बाबतीत अस्तित्वातच नाही. शून्य असतं, नाहीतर अनंत. सुधाकरासाठी ते खरं होतं. व्यसनाच्या आजारात ते आजही खरं आहे, आणि एकदा त्या वाटेनं गेलेल्याला ‘मोजून पी’ म्हणणं हा शुद्ध क्रूरपणा आहे. माझी तक्रार गडकऱ्यांशी नाही. तक्रार आहे ती पुढच्या शंभर वर्षांशी, ज्यांनी एका शोकांतिकेचं गृहीतक सगळ्या भाषेचं व्याकरण करून टाकलं. आमच्या कामात याला बूलियन म्हणतात: किंमत खरी किंवा खोटी, मधलं काही नाही. मराठीत माणूस घेतो किंवा घेत नाही. किती घेतो, हा प्रश्न आला की उत्तर ‘कधीमधी’. ‘कधीमधी’ हे माप नाही, तो जामीन आहे.

बाकीची फळीही बघून घेऊ. याच नाटकातलं ‘आर्य मदिरा मंडळ’ आणि त्यानंतरची झिंगलेल्या पात्रांची लांबलचक परंपरा, तिथं दारू हसवण्यासाठी असते. माधव जूलियनांनी आणलेल्या उमर खय्यामच्या रुबायांत मदिरा आहे, पण ती ओतता येत नाही. ती तत्त्वज्ञानाची आहे. आणि अनिल व सुनंदा अवचट यांनी १९८६मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, त्या अनुभवातून अवचटांनी जे लिहिलं, ते मला या सगळ्यात सगळ्यात प्रामाणिक वाटतं, कारण तिथं माणसं आहेत, दृष्टान्त नाहीत. तर रडण्याची दारू, हसण्याची दारू, झुरण्याची दारू, सुटण्याची दारू. उन्हाळ्याच्या रात्री सात जणांनी दोन तास गप्पा मारताना हातात धरलेला एक पेला यात कुठं बसत नाही. त्याला मराठीत शब्द नाही म्हणून तो घडत नाही असं नाही. तो घडतो आणि बोलला जात नाही.

मग कृती वाचायची ती इंग्रजीत. तिथं अडचण उलटी आहे.

इंग्रजीत कॉकटेलची कृती नुसती कधीच येत नाही. आधी एक गोष्ट येते, तिच्यात एखादा मिशीवाला साहेब असतो. सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट जिन आणि टॉनिकची, जी दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या रीलमध्ये आपल्याला भेटतेच: हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना मलेरियापासून वाचायला क्विनीन घ्यावं लागे, ते कडू लागे, म्हणून त्यांनी त्यात जिन घातली आणि साम्राज्य वाचलं. गोष्ट देखणी आहे. हिशेब मात्र करून बघावा. मलेरियाच्या उपचारात प्रौढाला क्विनीन देतात ते दिवसाला साधारण १.८ ग्रॅम, सात दिवस. अमेरिकेत टॉनिक वॉटरमध्ये क्विनीनची कमाल मर्यादा लिटरला सुमारे ८३ मिलिग्रॅम. म्हणजे आजच्या टॉनिकवर मलेरिया बरा करायचा तर रोज २१ लिटरच्या वर प्यावं लागेल, आणि त्यात जिन घातली तर मलेरियाची काळजी करायला माणूस शिल्लक राहणार नाही. जुनं टॉनिक यापेक्षा कडू होतं असं मानलं तरी हा फरक भरून निघणं कठीण. एरॅस्मस बाँडनं टॉनिक वॉटरचं पेटंट घेतलं ते १८५८मध्ये, लंडनमध्ये. आणि जिन-टॉनिकच्या सुरुवातीच्या छापील उल्लेखांपैकी एक आहे १८६८च्या ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’मधला: घोड्यांच्या शर्यतीच्या संदर्भातला. म्हणजे दवाखान्यातला नव्हे, जत्रेतला.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. साहेबाला उकडत होतं, त्याला गार काहीतरी हवं होतं, एवढं साधं कारण त्याच्या वारसांना पुरेसं वाटलं नाही. त्याला औषधाचा सदरा घालावा लागला. आणि आपल्याकडे? १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली (आता त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा) आजही महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचाही मिळतो, आयुष्यभराचाही मिळतो. आणि त्या परवान्याच्या मजकुरात दारू कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी. कडक दारूला वय २५ पूर्ण हवं. म्हणजे कागदोपत्री आमच्या गच्चीवरचे सातही जण प्रकृतीच्या कारणास्तव जमलेले असतात. इंग्रजी गोष्ट आणि मराठी कायदा, दोघांनाही ‘बरं वाटतं म्हणून’ हे कारण चालत नाही.

(वाशीममध्ये एका दुकानात मी खरंच टॉनिक वॉटर मागितलं होतं. काकांनी काळजीनं विचारलं, ‘अशक्तपणा हाय काय?’ मराठीत टॉनिक म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उत्तर कुठल्या शब्दकोशात मिळणार नाही.)

टॉनिक नाही म्हणून मी टॉम कॉलिन्सकडे वळले, हे अर्धं खरं. दुसरं कारण असं की तो आपल्याला परका नाही. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर १६७०च्या दशकात मुंबई, सुरत, जुन्नर, गोवा असा फिरला. १६९८मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गोव्यातल्या नेरूळच्या अराकची तारीफ आहे, आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून जे पेय करतात त्याचं नावही आहे: पंच. पाच पदार्थांचं म्हणून पंच, अशी फुटकळ व्युत्पत्तीही त्यानं देऊन ठेवलीय. भाषातज्ज्ञांत तिच्यावर वाद आहेत, पण पदार्थ मोजले तर ते पाच भरतात: दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. हे पेय जहाजांवरून लंडनला गेलं, तिथं दोनशे वर्षं मोठमोठ्या कटोऱ्यांतून वाढलं गेलं, अराकच्या जागी कधी रम आली, कधी जिन, पाण्याच्या जागी सोडा आला आणि मसाला गळाला. कटोऱ्याचा एकट्याचा पेला झाला. जेरी थॉमस या अमेरिकी बारटेंडरच्या पुस्तकाच्या १८७६च्या आवृत्तीत टॉम कॉलिन्स सापडतो. मी हे साखळीसारखं सांगितलं, प्रत्यक्षात ते इतकं सरळ नसणार. पण लिंबू, साखर, पाणी आणि वर काहीतरी, हा सांगाडा पाहिला की कोकण किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरातलं सरबत आठवावं.

आता मूळ कृती. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं कॉलिन्सचं प्रमाण असं: जिन ४५ मिलिलिटर, लिंबाचा रस ३०, साखरेचं पाणी १५, सोडा ६०. भरपूर बर्फ असलेल्या उंच ग्लासात. संपलं. मजकूर म्हणून हे सुंदर आहे. एकही विशेषण नाही. पण प्रत्येक मजकूर कुठंतरी बसून लिहिलेला असतो आणि त्याचं गाव न सांगितलेल्या गोष्टींत लपलेलं असतं. हा मजकूर गारव्यात बसून लिहिलाय.

पहिला पुरावा लिंबू. इंग्रजी कृतीतलं ‘लेमन’ म्हणजे पिवळं, जाड सालीचं, लांबट फळ. आपलं कागदी लिंबू म्हणजे त्यांचं ‘लाइम’. मराठीत दोन्हीला लिंबूच म्हणतात, त्यामुळे भाषांतर करताना काही हरवलं हे कळतच नाही. कागदी लिंबू जास्त धारदार, सालीत किंचित कडवट. त्याचा कॉलिन्स हा कॉलिन्स आणि ‘जिन रिकी’ (जिन, लाइम, सोडा, साखर नाही) यांच्या मधलं काहीतरी होतो. मला तो मूळापेक्षा बरा वाटतो. जिनमधली जुनिपरची राळेसारखी चव लेमनखाली गोड होऊन जाते. कागदी लिंबात ती उभी राहते. अकोला-वाशीमच्या पट्ट्यात लिंबाच्या बागा असूनही मेमध्ये लिंबू परवडत नाही, याचं कारण शेतकऱ्याला विचारा: उन्हाळ्यात फळ हवं तर हस्त बहार धरावा लागतो आणि पावसाळ्याच्या शेवटी झाडाला ताण बसत नाही, म्हणून तो साधत नाही. तेव्हा पेल्यातली सगळ्यात मोलाची वस्तू कधीकधी जिन नसते.

दुसरा पुरावा बर्फ. ‘भरपूर बर्फ’ लिहिणाऱ्याच्या खोलीत किती तापमान होतं? २० अंश धरू. १५० मिलिलिटर पेय २०वरून शून्याच्या आसपास आणायला साधारण १२.५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल घेतो. म्हणजे ३८ ग्रॅम बर्फाचं पाणी होणार. वाशीमला मेमध्ये पारा ४२-४३च्या घरात असतो. रात्री आठ वाजता कपाटातली बाटली ४० अंशांवर असली तर नवल नाही. तेच पेय गार करायला आता ७५ ग्रॅम बर्फ वितळतो. ग्लासची आणि गच्चीच्या तापलेल्या फरशीची उष्णता यात धरलेलीच नाही. लंडनच्या पेल्यात मद्यार्क दहा टक्क्यांच्या आसपास येतो. आपल्याकडे पहिल्याच घोटाला साडेआठ, आणि चौथ्या घोटाला लिंबाची आठवण असलेलं पाणी. मग माणूस काय करतो? ‘लागतच नाही बे’ म्हणत वरून आणखी ओततो. हवामानातली चूक माणसाच्या डोक्यावर बसते.

उपाय साधा आहे आणि कुठल्याच इंग्रजी कृतीत तो मी ठळक लिहिलेला पाहिला नाही: सगळं आधी फ्रिजमध्ये. लिंबाचा रस, साखरेचं पाणी, सोडा, ग्लाससुद्धा. पाच अंशांवरून सुरुवात केली तर दहा ग्रॅमसुद्धा बर्फ वितळत नाही. सोड्याचा आणखी एक फायदा, गार पाण्यात वायू टिकतो; कोमट सोडा उघडला की फसफसून मोकळा होतो. जिनची बाटली फ्रीझरमध्ये ठेवली तरी गोठत नाही, आपल्याकडच्या बहुतेक जिनांत मद्यार्क ४२.८ टक्के असतो. बर्फ घरचा, मोठ्या वाटीत लावलेला, कारण मोठा खडा हळू विरघळतो. लादीचा बर्फ आणायचाच तर रंग बघून आणावा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८पासून आहे.

साखरेच्या पाण्याला ‘पाक’ म्हणू नये, मराठी स्वयंपाकघरात पाक म्हटलं की हात आपोआप गॅसकडे जातो आणि तार बघायला लागतो. इथं साखर आणि पाणी समान, ढवळून विरघळवायचं, बस. जिरेपूड आणि काळं मीठ घालावं असं कुणीतरी दर वेळी सुचवतंच. मग जिन कशाला, जलजिरा प्या. पण पंचमधला गळालेला पाचवा पदार्थ परत आणायचा तर माझं मत वाळ्याला. बाजारचं हिरवंगार सरबत नको, खरी मुळी. आदल्या रात्री माठाच्या पाण्यात वाळ्याची जुडी टाकायची आणि त्या पाण्यात साखर विरघळवायची. मातीचा तो ओला वास जुनिपरच्या शेजारी कसा बसतो, ते सांगून कळणार नाही.

जुनिपरही आपल्याला अगदी अनोळखी नाही. आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात. गोव्यात २०१७च्या आसपास नव्या जिनांची जी लाट आली तिच्यात ‘ग्रेटर दॅन’ काढणाऱ्या कंपनीनंच पुढं हिमालयातलं जुनिपर वापरून ‘हपुसा’ नावाची जिन काढली. चरकसंहितेत हपुषेचं तूप आहे, गुल्म नावाच्या पोटाच्या विकारावर. वत्सगुल्म हे वाशीमचं जुनं नाव. यातून काही सिद्ध होत नाही, पण मला हसू आलं.

राहिलं माप. आमच्यापैकी कुणाच्याच घरी पेग मोजायचं भांडं नव्हतं, आणि असतं तरी स्टीलच्या डब्यांच्या फळीवर ते कुठं ठेवणार? खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर प्लॅस्टिकचं मापाचं टोपण असतं, १५ मिलिलिटरपर्यंत रेघा असलेलं. ४५, ३०, १५, ६०. भागून बघा. तीन टोपणं, दोन टोपणं, एक टोपण, चार टोपणं. परवान्यातलं आरोग्य शेवटी असं उपयोगी पडलं.

तर कृती अशी लिहिली आणि पाठवली:

‘वाळ्याच्या पाण्यात तेवढीच साखर विरघळवून ठेवावी. कागदी लिंबांचा रस काढून गाळावा. दोन्ही, सोडा आणि ग्लास दुपारपासून फ्रिजमध्ये ठेवावेत. मोठ्या जगमध्ये माणशी दोन टोपणं रस आणि एक टोपण साखरपाणी एकत्र करावं. ग्लासात बर्फाचे मोठे खडे टाकून जगमधलं तीन टोपणं ओतावं. ज्याला हवी त्यानं आपल्या ग्लासात तीन टोपणं जिन मोजावी. वरून चार टोपणं सोडा हळूच सोडावा. एकदाच ढवळावं.’

घ्यावी नाही, घालावी नाही, मोजावी. भाषेनं अडवलं म्हणून हे क्रियापद सापडलं. आणि जिन जगमध्ये न घालण्याचा निर्णय मी भाषेसाठी घेतला नव्हता, तो अभियंत्याच्या सवयीनं घेतला: जे सगळ्यांना सारखं हवं ते एकत्र करा, जे प्रत्येकाचं वेगळं ते वेगळं ठेवा. जुन्या पंचच्या कटोऱ्यात हे शक्य नव्हतं. तिथं दारू आधीच मिसळलेली असे. न पिणाऱ्याला त्या मेजावर जागाच नव्हती.

मेजावर जागा कुणाला, हा प्रश्न आमच्या गावात फार जुना आहे. वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न लागतं ते इथंच, गावातल्या प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेत हे सांगितलं जातं. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तही वत्सगुल्माचा उल्लेख आहे, तो मात्र स्पर्धेत येत नाही. त्याच ग्रंथात नागरकांच्या पानगोष्ठीचं वर्णन आहे: एकमेकांच्या घरी जमावं, तऱ्हेतऱ्हेची मद्यं, आणि तोंडी लावायला खारट, तिखट, आंबट, कडू पदार्थ, फळं, हिरव्या भाज्या. म्हणजे चखणा. हे वाचून ‘बघा, आपल्याकडे सगळं होतं’ म्हणायचा मोह होतो. पण मद्य पाजायला तिथं गणिका आहेत. नागरकाची बायको दुसऱ्या प्रकरणात आहे, घर सांभाळतेय.

आजची वाटणी तितकीच पक्की आहे. पुरुषांची पार्टी वावरात. एक पव्वा, दोन प्लॅस्टिकचे ग्लास, पाण्याची पाऊचं, शेव-फुटाणे, आणि कुणी बघायच्या आत संपवायची घाई. १८० मिलिलिटरची ती बाटली कॉलिन्सच्या मापानं चार जणांचा एकेक पेला होतो. लपून प्यायलेली दारू जोरात प्यायली जाते, असं माझं मत. आणि बायकांची बाजू? महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदान होतं, त्यात चिन्हं दोन: उभी बाटली आणि आडवी बाटली. मतदान बायकांचं. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली तर दुकान बंद. मराठीत दारूवर झालेली सगळ्यात मोजकी समीक्षा हीच आहे असं मला वाटतं. एकही शब्द नाही, आणि आकडा मात्र आहे.

आमच्या बॅचमधली एक जण पीत नाही. का, ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे, आम्ही दहावीत असताना तिच्या घरी काय चालायचं तेही. ती गच्चीवर येते, जगमधलं पिते, टोपणाचा खेळ बघते. कृती ग्रुपवर पडली तेव्हा तिनं लिहिलं, ‘मापानं पेनारा मानूस मी तं अजून पाह्यला नाही. ज्याच्या घरी फ्रिज हाय, गच्ची हाय, सकाळी लॉगिन करा लागते, थोच मोजते.’ मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ती म्हणते ते खरं आहे. मोजायला आधी वेळ लागतो, उजेड लागतो, आणि पाहणारं कुणी असलं तरी चालेल अशी जागा लागते. ‘एकच प्याला’ला माप नाही ही माझी तक्रार तिच्यापुढे मांडायची हिंमत मला अजून झालेली नाही. तरीही कृती मी काढून टाकली नाही, आणि तिनंही तसं सांगितलं नाही. तिनं एवढंच विचारलं, की जगमध्ये सोडाही आधीच घातला तर चालेल का. चालत नाही, वायू जातो.

या मेमध्ये ज्यांच्या गच्चीवर बसलो होतो, त्या काकू दहाच्या सुमारास वर आल्या. आधीच्या वर्षी आल्या नव्हत्या. बाटली कुणीही लपवली नाही, कुणाला सुचलंच नाही. त्या कठड्याशी टेकल्या, जरा वेळानं म्हणाल्या, ‘मले बी दे बरं जरासं. बिना त्याचं.’ मी ग्लासात बर्फ टाकला, तीन टोपणं, वरून सोडा. त्यांनी दोन घोट घेतले, ग्लास उजेडात धरून पाहिला. ‘वाळा चांगला लागते. साखर कमी हाय.’

कृतीत आता एकाऐवजी दीड टोपण साखरपाणी आहे. जगमधून ओतायची टोपणं त्यामुळे तीनाची साडेतीन झाली. जिनचा आकडा होता तोच ठेवलाय.